निकी लाउडा – फुजीला गाडी थांबवणारा चॅम्पियन

घाटवळण (धागाकर्ता)

फॉर्म्युला वनच्या गप्पा निघाल्या की आपल्याकडे बहुतेक जण शूमाखरपासून सुरू करतात, मग सेना, मग हॅमिल्टन आणि व्हर्स्टापन. निकी लाउडाचं नाव आलंच तर लाल टोपी, भाजलेला चेहरा आणि "आगीतून वाचला तो ना" इतकंच. मला विचाराल तर तीन वेळा वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या या माणसाची खरी ओळख त्या आगीत नाहीये, आगीनंतर तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये त्याने जे केलं त्यात आहे. त्यासाठीच हा धागा काढलाय, जरा लांबलचक होईल.

आधी थोडं मागचं. जन्म २२ फेब्रुवारी १९४९, व्हिएन्ना. घर गडगंज, आजोबा हान्स लाउडा ऑस्ट्रियातले बडे उद्योगपती, आणि नातवाने रेसिंग करावं हे घरात कुणालाच पटत नव्हतं. मार्च टीममध्ये जागा हवी तर पैसे भरा असा मामला होता. एका बँकेशी त्याचं जमत आलं होतं तर आजोबांनी मध्ये पडून ते मोडलं. पोरगा दुसऱ्या बँकेत गेला, स्वतःचा आयुर्विमा तारण ठेवला आणि कर्ज उचललं. १९७२ ला मार्चची गाडी इतकी वाईट निघाली की अख्ख्या सीझनमध्ये एक पॉइंट नाही, कर्ज मात्र जिथल्या तिथे. तरी १९७३ ला परत पैशांची जुळवाजुळव करून बीआरएममध्ये शिरला. त्या वर्षी मोनॅकोला तिसऱ्या नंबरवर पळत असताना गिअरबॉक्स गेला, हातात काही आलं नाही, पण बघणाऱ्यांनी बघितलं. बीआरएममधला त्याचा टीममेट क्ले रेगाझोनी परत फेरारीत चालला होता, त्याने एन्झो फेरारींच्या कानावर घातलं की या पोराला घ्या.

१९७४ ला फेरारीत पहिलं वर्ष, स्पेनच्या हारामाला पहिला विजय, वर्षभरात ९ पोल (म्हणजे रेसची सुरुवात सगळ्यात पुढून). १९७५ ला ५ रेस जिंकून चॅम्पियन, आणि फेरारीच्या ड्रायव्हरला हे टायटल १९६४ नंतर पहिल्यांदा मिळत होतं. त्याच वर्षी जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या ट्रॅकवर क्वालिफाइंगला (रेसमध्ये कोण कितव्या जागेवरून निघणार हे ठरवणारी फेरी) ६ मिनिटं ५८.६ सेकंदांचा लॅप मारला. २२.८ किलोमीटरचा, जंगलातून डोंगरउतारांवरून जाणारा तो ट्रॅक, आणि सात मिनिटांच्या आत तो पार करणारा हा पहिला माणूस. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या वर्षी याच माणसाने बाकीच्या ड्रायव्हर्सना सांगितलं की इथे रेस करू नका. ट्रॅक एवढा लांब आहे की कुठे काही झालं तर आग विझवणारे आणि अँब्युलन्स वेळेत पोचणार नाहीत, हे त्याचं साधं गणित. मतदान झालं, तो हरला, आणि हरल्यावर रुसून न बसता रेसला उभा राहिला.

१ ऑगस्ट १९७६. ट्रॅक ओला होता म्हणून जवळपास सगळे पावसाळी टायरवर निघाले, पहिल्या लॅपनंतर लाउडाने आत येऊन कोरडे टायर लावले आणि दुसऱ्याच लॅपला बेर्गवेर्कच्या अलीकडे गाडी हातातून गेली, बांधावर आदळली, पेट घेतला आणि उलटून परत ट्रॅकवर आली. मागून येणारा ब्रेट लंगर त्याच्यावर धडकला. नक्की काय तुटलं हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, मागच्या सस्पेन्शनवर संशय होता. हेल्मेट निघून गेलेलं. त्याला बाहेर ओढलं ते रेस थांबवून धावत आलेल्या ड्रायव्हर्सनी – आर्तुरो मेर्झारिओ, लंगर, हाराल्ड एर्टल, गाय एडवर्ड्स. त्याने जे सांगितलं होतं नेमकं तेच झालं, मदत वेळेत पोचलीच नाही.

डोकं आणि चेहरा भाजला होता, पण जीवावर बेतलं ते छातीत गेलेल्या विषारी धुरामुळे. दवाखान्यात पाद्री येऊन अखेरचे संस्कार करून गेला. आणि ४२ दिवसांनी, १२ सप्टेंबरला हा माणूस इटलीत मोंझाला परत गाडीत. मधे दोनच रेस चुकल्या. पट्ट्यांना रक्त चिकटायचं, हेल्मेट काढताना जखमा उघडायच्या. क्वालिफाइंगला पाचवा, म्हणजे तीन फेरारींमध्ये सगळ्यात पुढे (त्याच्या जागेवर आणलेला रॉयटमान त्याच्या मागे!), आणि रेसमध्ये चौथा.

सगळे मोंझाचं कौतुक करतात आणि करायलाच हवं. पण मला वाटतं त्यापेक्षा मोठी गोष्ट २४ ऑक्टोबरला जपानमध्ये फुजीला झाली. शेवटची रेस, लाउडा ६८ पॉइंट, जेम्स हंट ६५. पाऊस असा की पुढची गाडी दिसत नाही. दोन लॅप झाले, लाउडा पिटमध्ये आला आणि उतरला, म्हणाला हे चालवण्यासारखं नाहीये. फेरारीचे इंजिनिअर माउरो फोर्गिएरी म्हणाले की आपण इंजिन बिघडलं असं सांगूया. लाउडा नको म्हणाला. थांबलो तो माझ्या निर्णयाने, तेच सांगा. हंट तिसरा आला, ६९ विरुद्ध ६८, एका पॉइंटने टायटल गेलं.

सगळं जग बघतंय, इटलीतले पेपर फाडून खाणार हे माहितीये, एन्झो फेरारी घरी वाट बघतायत, आणि समोर एक आयती, कुणालाही कधीच कळणार नाही अशी पळवाट दिलेली आहे. ती न घेणं मला आगीतून परत येण्याइतकंच अवघड वाटतं, खरं तर जास्तच. तुमचं काय मत?

सह्याद्रीवारा

लेख आवडला पण मुद्दा पटला नाही. त्याच पावसात हंट चालवत होता ना? आंद्रेत्तीने तर रेस जिंकली. चॅम्पियन माणसाने निदान हळू चालवून पॉइंट मिळतात का ते बघायला हवं होतं, पुढे पाऊस थांबला आणि ट्रॅक सुकला, हंटचे टायर झिजून त्याला उशिरा आत यावं लागलं आणि तो पाचव्या नंबरपर्यंत मागे गेला होता. नुसता गाडीत बसून राहिला असता तरी टायटल त्याचं होतं. प्रामाणिकपणा मान्य, शंभर टक्के मान्य, पण प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकीचा असू शकतो की. आणि फेरारीच्या मेकॅनिक लोकांनी वर्षभर रात्री जागवल्या त्यांचं काय.

घाटवळण

@सह्याद्रीवारा, मेकॅनिकांचा मुद्दा मला लागतो, तो मी सोडून देत नाही. पण दोन गोष्टी बघा. एक, भाजल्यामुळे त्याच्या पापण्यांचं आणि अश्रूंच्या नळ्यांचं नुकसान झालेलं, डोळे नीट मिटता येत नव्हते. आपण पावसात बाईक चालवताना डोळे किती वेळा मिचकावतो, आणि हा माणूस धड मिचकावू न शकता समोरच्या टायरने उडवलेल्या पाण्याच्या भिंतीत सरळ रस्त्यावर अडीचशेच्या वर जाणार. दोन, थांबणारा तो एकटा नव्हता. एमर्सन फिटिपाल्डी थांबला, कार्लोस पाचे थांबला, लॅरी पर्किन्स थांबला. फिटिपाल्डी स्वतः दोन वेळचा चॅम्पियन. फरक इतकाच की त्यांच्यासमोर टायटल नव्हतं.

आणि पाऊस नंतर थांबला हे आपल्याला आज माहिती आहे, त्याला दुसऱ्या लॅपला माहिती नव्हतं. निर्णय घेताना जे दिसतंय त्यावर निर्णय घेतला, नंतर काय झालं त्यावर तो तोलणं मला बरोबर वाटत नाही.

मोंझाबद्दलही एक सांगायचं राहिलं. तिथे शुक्रवारी प्रॅक्टिसला बसला तेव्हा तो इतका घाबरला होता की धड चालवता येईना, हे त्याने नंतर स्वतः सांगितलंय. त्या दिवशी पत्रकारांना कळू दिलं नाही, हॉटेलवर जाऊन शांतपणे विचार केला की नक्की काय होतंय मला, आणि दुसऱ्या दिवशी वेगाच्या मागे न लागता आधी फक्त गाडी चालवायची असं ठरवून बसला. वेग आपोआप आला. म्हणजे मोंझाला परत येणारा आणि फुजीला थांबणारा माणूस एकच आहे, दोन्हीकडे भीती काय सांगते ते त्याने नीट ऐकलं, एकदा उत्तर आलं चालव आणि एकदा आलं थांब.

लेथमशीन

मी गाड्यांच्या टेस्टिंगच्या लाईनमध्ये आहे त्यामुळे माझं प्रेम वेगळ्या कारणासाठी. लाउडा हा टेस्ट ड्रायव्हर म्हणून काय दर्जाचा होता हे लोक विसरतात. फेरारीत आल्या आल्या फिओरानोला, म्हणजे फेरारीच्या स्वतःच्या टेस्ट ट्रॅकवर, गाडी चालवली आणि विचारल्यावर सरळ सांगितलं की गाडी वाईट आहे, वळणात पुढून निसटते. एन्झो फेरारींचा मुलगा पिएरो मधे दुभाषा होता, तो म्हणाला असं यांना सांगता येत नाही. तरी सांगितलं. मग त्या म्हाताऱ्याने अट घातली, ठराविक मुदतीत अर्धा सेकंद काढून दाखव नाहीतर चालता हो, आणि फोर्गिएरींबरोबर बसून त्याने तो काढला.

१९७५ ची ३१२टी ही त्या कामाचं फळ. इंजिन १२ सिलेंडरचं, चपटं, म्हणजे वजन खाली बसलेलं. आणि नावातला तो टी म्हणजे गिअरबॉक्स आडवा, तोही मागच्या ॲक्सलच्या पुढे. याचा फायदा असा की जड वस्तू चाकांच्या मधोमध येतात, गाडी वळायला लागली की पटकन वळते आणि मागचा भाग शेपटीसारखा झुलत नाही. आता अशी गाडी तिच्या काठावर सेट करायची तर ड्रायव्हरने येऊन नेमकं सांगावं लागतं की कुठे, कधी, किती. "मजा येत नाहीये" असं सांगणारे ड्रायव्हर आम्ही रोज बघतो, त्यातून काही बदलता येत नाही. 'रश' सिनेमात लाउडाच्या तोंडी वाक्य आहे की देवाने डोकं बरं दिलंय पण बूड मात्र फार चांगलं दिलंय, गाडीतलं सगळं त्याला कळतं. टेस्टिंगमध्ये आयुष्य घालवलेला कुठलाही माणूस या वाक्यावर मान डोलावेल.

फुजीबद्दल मी धागाकर्त्याच्या बाजूने. इंजिन बिघडलं असं खोटं सांगितलं असतं तर तो डाग इंजिनवाल्यांच्या माथी गेला असता. @सह्याद्रीवारा तुम्ही मेकॅनिकांचं विचारलंत, त्याने त्यांच्यावर खोटा ठपका येऊ दिला नाही हेही त्यांच्यासाठीच केलेलं आहे.

राईनकाठ

जर्मनीत राहते, न्युर्बुर्गरिंग आमच्यापासून फार लांब नाही. जुना ट्रॅक, नॉर्डश्लाइफ म्हणतात तो, आजही आहे आणि ठरलेल्या दिवशी तिकीट काढून आपली गाडी घेऊन कुणालाही जाता येतं. आम्ही गेलो होतो, नवरा चालवत होता. टीव्हीवर अजिबात कळत नाही ती गोष्ट म्हणजे चढउतार. एका चढावर गाडी वर जाते आणि पलीकडे रस्ता डावीकडे आहे की उजवीकडे हे दिसतच नाही, दोन्ही बाजूला झाडं, बाजूला मोकळी जागा जवळपास नाहीच. बेर्गवेर्क यायच्या आधी रस्ता चढत चढत येतो, आम्ही साध्या घरच्या गाडीत होतो तरी मी दरवाजाचं हँडल धरून बसले होते. आणि आता तर कडेला लोखंडी कठडे आहेत, नियंत्रण कक्ष आहे, अपघात झाला की ट्रॅक बंद होतो.

तिथे उभं राहिल्यावर लाउडाचं म्हणणं लगेच पटतं. एवढ्या लांबीला पुरतील इतकी माणसं, इतके बंब आणायचे कुठून. १९७६ नंतर फॉर्म्युला वन त्या ट्रॅकवर परत कधीच गेलं नाही. पुढच्या वर्षी जर्मन ग्रां प्री हॉकेनहाइमला झाली, तारीख ३१ जुलै १९७७, म्हणजे अपघाताला वर्ष व्हायला एक दिवस कमी. आणि जिंकली कुणी, लाउडाने. मला ही गोष्ट कळली तेव्हा अंगावर काटा आला होता.

जाईजुई

मला रेसिंगमधलं फार कळत नाही पण धागा वाचून राहवलं नाही. मी बर्न्स वॉर्डमध्ये नर्स म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. चेहरा भाजलेल्या माणसाला आरशात बघायला लावणं हे आमच्या कामातलं सगळ्यात कठीण काम असतं, काही जण महिनोन्महिने बघत नाहीत, घरचे आरसे काढून ठेवतात. हा माणूस सहा आठवड्यांत कॅमेऱ्यांसमोर गेला, आणि मी वाचलं की पापण्या नीट मिटाव्यात एवढ्यापुरतीच शस्त्रक्रिया करून घेतली, सुंदर दिसण्यासाठी काहीच नाही. कान अर्धा गेला तो तसाच ठेवला. लोक बघतात तर बघू देत, हे म्हणायला सोपं आहे. वॉर्डमधल्या कितीतरी तरुण पोरापोरींना मी त्याचा फोटो दाखवला असता, तेव्हा मला तो माहिती असता तर.

आणि धूर छातीत गेला म्हणालात, त्याचा त्रास पुढे झाला का त्याला?

घाटवळण

@जाईजुई, तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं, हा कोन माझ्या लेखात नव्हता. टोपीचं असं की ती जखमा झाकायला सुरू झाली आणि मग आयुष्यभर डोक्यावर राहिली, त्याने तीही स्पॉन्सरला विकली, पुढे बरीच वर्षं तिच्यावर पार्मालातचं नाव होतं. पैशाच्या बाबतीत तो एकदम व्यवहारी. ट्रॉफ्यांचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं, त्या त्याने गावातल्या गॅरेजवाल्याला देऊन टाकल्या आणि बदल्यात गाडी फुकट धुवून घ्यायची असं ठरवलं!

तब्येतीचं म्हणाल तर १९९७ ला किडनी बदलावी लागली, भाऊ फ्लोरियानने दिली. ती निकामी झाल्यावर २००५ ला बिर्गिटने दिली, नंतर त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट २०१८ मध्ये व्हिएन्नाला फुफ्फुसाचं प्रत्यारोपण झालं. त्यातून तो पूर्ण सावरला नाही, २० मे २०१९ ला गेला, सत्तर वर्षांचा होता. व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथेड्रलमध्ये शवपेटीवर हेल्मेट ठेवलं होतं आणि त्याला पुरलं ते फेरारीच्या जुन्या रेसिंग सूटमध्ये.

हँगर_दोन

विमानांच्या मेंटेनन्समध्ये नोकरी झाली, आता रिटायर्ड. आमच्यासाठी लाउडा हा रेसर नंतर, आधी लाउडा एअरवाला. १९७९ मध्ये माँट्रियलला प्रॅक्टिस चालू असताना अचानक म्हणाला की गोल गोल फिरायचा कंटाळा आला, आणि रेसिंग सोडून एअरलाईन काढली. स्वतः पायलटचं लायसन्स होतं, स्वतः कंपनीची मोठी विमानं उडवायचा.

२६ मे १९९१. लाउडा एअर फ्लाइट ००४, बोईंग ७६७, बँकॉकहून व्हिएन्नाला निघालं आणि साधारण पंधरा मिनिटांत थायलंडच्या सुफान बुरी भागातल्या जंगलात कोसळलं. २२३ माणसं गेली, कुणीही वाचलं नाही. डाव्या इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर हवेत असताना उघडला होता. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, रिव्हर्सर म्हणजे विमान रनवेवर टेकल्यावर इंजिनाचा झोत पुढच्या दिशेला वळवून वेग कमी करायची व्यवस्था. ती वर हवेत, पूर्ण जोर लावून चढत असताना एका बाजूला उघडली तर त्या बाजूच्या पंखावरची हवा बिघडते, पंख उचलणं सोडतो आणि विमान आडवं होऊन पडतं. पायलटच्या हातात काही सेकंद असतात.

लाउडा स्वतः त्या जंगलात गेला, अवशेषांमध्ये फिरला. त्याने जाहीर सांगितलं होतं की आमची चूक निघाली तर मी एअरलाईन बंद करीन. मग सिएटलला बोईंगकडे जाऊन सिम्युलेटरवर तो प्रसंग पुन्हा पुन्हा चालवून बघितला. विमान सावरता येत नव्हतं. तरी बोईंग कंपनी जाहीर बोलायला तयार नव्हती, कारण जुन्या चाचण्यांनुसार रिव्हर्सर उघडला तरी विमान उडवता येतं असं धरलेलं होतं. त्यावर लाउडाने सांगितलं, ठीक आहे, मग तुमचं ७६७ घ्या, दोन पायलट द्या, मी त्यात बसतो, वर जाऊन रिव्हर्सर उघडूया. त्यानंतर कंपनीने कबूल केलं. पुढे त्या विमानांना रिव्हर्सर हवेत उघडू नये म्हणून जादाचं लॉक बसवलं गेलं. आम्ही ती लॉकं तपासायचो. एका माणसाच्या हट्टाने किती विमानं सुरक्षित झाली याचा हिशोब करता येणार नाही.

तो म्हणायचा की रेसमध्ये जीव धोक्यात घालतो तो माझा, माझ्या मर्जीने. तिकीट काढून बसलेल्या माणसाने तसं काही कबूल केलेलं नसतं. फुजीला जो खरं बोलला तोच माणूस सिएटलला उभा होता.

सह्याद्रीवारा

@हँगर_दोन हे मला अजिबात माहिती नव्हतं, दोनदा वाचलं. धन्यवाद.

फुजीला त्याने थांबावं की नाही यावर माझं मत अजून तेच आहे, पण माणूस मोठा यात वाद नाही. आता दुसरं विचारतो, शुद्ध वेगाचं बोलायचं तर १९८४ ला मॅक्लारेनमधला त्याचा टीममेट प्रॉस्ट त्याच्यापेक्षा वेगवान होता हे तरी मान्य आहे का? प्रॉस्टने ७ रेस जिंकल्या, लाउडाने ५, आणि प्रॉस्टचं टायटल गेलं अर्ध्या पॉइंटने. मोनॅकोची रेस पावसामुळे मध्येच थांबवली आणि अर्धेच पॉइंट दिले म्हणून, नाहीतर?

घाटवळण

हो, मान्य, आणि लाउडानेही मान्य केलं होतं. क्वालिफाइंगला प्रॉस्ट त्याला सहज मागे टाकायचा. करिअरमधले २४ पोल, सगळे १९७४ ते १९७८ मधले, १९८२ ला मॅक्लारेनमधून रेसिंगमध्ये परत आल्यावर चार वर्षांत एकही नाही. मला तर १९८४ ची सगळी गोडी यातच वाटते. पस्तिशीतला माणूस, टीममेट तरुण आणि वेगवान. मग त्याने शनिवारचं क्वालिफाइंग सोडून दिलं आणि सगळं लक्ष रविवारच्या रेसच्या गाडीवर घातलं. टर्बोचा जमाना, २२० लिटरमध्ये रेस संपवायची, मध्ये पेट्रोल भरायला बंदी, म्हणजे पेट्रोलचा हिशोब, टायरचा हिशोब, हे त्याचं अंगण.

ऑस्ट्रियाची रेस बघा त्या वर्षीची. घरची रेस, पुढे आहे आणि चौथा गिअर गेला. गाडी बाजूला घ्यायच्या बेतात होता, मग बघितलं की बाकीचे गिअर लागतायत. मागे नेल्सन पिके. पिकेला वाटलं की हा पुढे आहे म्हणून आरामात चालवतोय, त्याने हल्ला केलाच नाही. घरची ग्रां प्री जिंकणारा तो एकमेव ऑस्ट्रियन आहे.

शेवटची रेस पोर्तुगालमध्ये एस्तोरिलला, २१ ऑक्टोबर. लाउडा ६६, प्रॉस्ट ६२.५. प्रॉस्ट जिंकला तर लाउडाला दुसरं यावंच लागणार आणि तो सुरुवात करतोय अकराव्यावरून. एकेक गाडी मागे टाकत तिसऱ्यावर आला, दुसरा मॅन्सेल बराच पुढे. मग मॅन्सेलचे ब्रेक गेले. ७२ विरुद्ध ७१.५. हो, ब्रेक जाणं हे नशीब, पण नशीब उघडेल तेव्हा आपण तिसऱ्यावर असायला लागतो, अकराव्यावर असून चालत नाही. पोडियमवर प्रॉस्ट रडकुंडीला आलेला, लाउडाने त्याला समजावलं की पुढचं वर्ष तुझं आहे. आणि १९८५ ला प्रॉस्ट चॅम्पियन झाला. त्यांच्यात कधी विष आलं नाही, पुढे त्याच टीममध्ये प्रॉस्ट आणि सेनाचं काय झालं ते सगळ्यांना माहितीये.

पिटवॉल

उशिरा आलो, पण दोन-तीन गोष्टी घालतो.

१९७८ ची फॅन कार कुणीच काढली नाही! तेव्हा लाउडा ब्रॅबम टीममध्ये होता, गाडी ब्रॅबम बीटी४६बी, डिझाइन गॉर्डन मरेचं. गाडीच्या मागे मोठा पंखा, सांगायला इंजिन थंड करायला, खरं काम गाडीखालची हवा ओढून गाडी रस्त्याला चिकटवायचं. स्वीडनला क्वालिफाइंगला वेग दिसू नये म्हणून टाक्या फुल भरून चालवली आणि रेसमध्ये ३४ सेकंदांनी जिंकला. बाकीच्या टीम्स इतक्या खवळल्या की ब्रॅबमचा मालक बर्नी एक्लस्टनने ती गाडी मागे घेतली. एक रेस, एक विजय.

१९८२ ला परत आला तेव्हा पहिल्याच रेसला, क्यालामीला संप. नवीन लायसन्सच्या फॉर्मवर ड्रायव्हर्सना टीमशी बांधून टाकणारं कलम होतं, बरेच जण सही करून मोकळे झाले, याने वाचलं. मग हा आणि दिदिए पिरोनी पुढे झाले, सगळ्यांना बसमध्ये घालून जोहान्सबर्गच्या एका हॉटेलवर नेलं आणि रात्रभर एका हॉलमध्ये गाद्या टाकून ठेवलं, कुणी फुटू नये म्हणून. जिल विलनव्ह आणि एलिओ दे आंजेलिस पियानो वाजवत होते. तिथे नवखी पोरं होती ज्यांची नोकरी एका फोनवर जाऊ शकत होती, लाउडाला स्वतःला कसलीच भीती नव्हती तरी तो त्यांच्यासाठी उभा राहिला. आणि पुनरागमनाच्या तिसऱ्याच रेसला, लाँग बीचला, जिंकला.

आपल्याकडचा एक धागाही आहे. २००१ मध्ये नारायण कार्तिकेयनने सिल्व्हरस्टोनला जॅग्वारची फॉर्म्युला वन गाडी चालवली, फॉर्म्युला वन गाडीत बसलेला पहिला भारतीय, तेव्हा जॅग्वारच्या रेसिंगचा कारभार लाउडाकडे होता. तिथे त्याचं काही जमलं नाही, पुढच्या वर्षाअखेर त्याला काढलं. पण २०१२ ला मर्सिडीजमध्ये आला आणि हॅमिल्टनला मॅक्लारेन सोडायला लावण्यात त्याचा मोठा हात होता. तेव्हा सगळे हॅमिल्टनला वेड्यात काढत होते. नंतरचा इतिहास समोर आहे.

नवखा_प्रेक्षक

मस्त धागा. मी आत्ता दोन वर्षांपासून बघायला लागलोय, सगळ्या रेस आताच्याच. लाउडाच्या जुन्या रेस बघायच्या तर सुरुवात कुठून करू?

घाटवळण

सुरुवात झांडफोर्ट १९८५ पासून करा. त्याचं शेवटचं वर्ष, गाडी सारखी बंद पडत होती, निवृत्ती जाहीर झालेली, दहाव्यावरून सुरुवात. शेवटचे लॅप प्रॉस्ट त्याच्या मागे चिकटून आहे, टायटलसाठी प्रॉस्टला पॉइंट हवेत, आणि लाउडा त्याला जागा देत नाही, पण एकदाही वेडंवाकडं काही करत नाही. ०.२३२ सेकंदांनी जिंकला. पंचविसावा विजय आणि शेवटचा. मग एस्तोरिल १९८४, त्यात मॅन्सेल बाहेर जाईपर्यंत लाउडा कुणाकुणाला कुठे मागे टाकतो तेवढंच बघा, कॅमेरा पुढे असतो त्यामुळे शोधावं लागेल. फुजीची मात्र सुरुवातीची दहा मिनिटं आवाज वाढवून बघा, गाड्या दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. @सह्याद्रीवारा तुम्हीही बघा परत एकदा, आणि मग इथे येऊन भांडा.

सह्याद्रीवारा

बघतो या रविवारी. भांडायला येणारच.